बाठ्याचं कलम: आधी काडी, मग सुरी

मिरगाच्या आधी आमच्या खळ्यात आंब्याच्या बाठ्यांचा ढीग पडलेला असतो. 'कोय कलम' हे कागदावरचं नाव, आम्हा कुडाळकडच्या माणसांच्या तोंडी बाठ्याचं कलम. बाठ्यातून उगवलेल्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बसवून सांधा बांधायचा, एवढंच ते. वीसेक वर्षं मी ही कलमं बांधतो, आता दरसाल पाच-सहाशे. शिकायला आलेल्या प्रत्येकाची नजर सुरीवर असते: पाचर कशी तासली, पट्टी कशी ओढली. पण कलम जगणार की जाणार, हे सुरी हातात घ्यायच्या आठ-दहा दिवस आधीच ठरलेलं असतं. तेही झाडावर, काडी निवडताना.

बाठे रायवळचे, म्हणजे गावठी आंब्याचे घ्यायचे, पिकून पडलेल्या फळांचे. मी ते शेजारच्या काकींच्या दारातल्या झाडाचे आणतो. ते झाड मीच त्यांना हापूस म्हणून दिलं होतं. ती भानगड पुढे सांगतो. बाठे चोळून धुवायचे, पाण्यात तरंगतील ते फेकायचे, उरलेले एक दिवस सावलीत पसरायचे. पोत्यात भरून ठेवू नका. आंब्याचं बी फार दिवस जिवंत राहत नाही. शेणखत मिसळलेल्या भुसभुशीत वाफ्यात बाठ्याची फुगीर पाठ वर ठेवून, एकाला एक लागून ओळीत लावायचे आणि वरून पेंढा घालायचा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो.

पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी मी हापूसच्या झाडाकडे जातो. झाड दरवर्षी धरणारं हवं, ओळखीचं. ज्याचा आंबा आपण खाल्ला नाही, त्याची काडी घेऊ नये. फांदीच्या शेंड्याची तीन-चार महिन्यांची, गोल, हिरवी काडी शोधायची. कोवळी लुसलुशीत नको, करडी पडलेली जूनही नको. जाडी बाठ्याच्या रोपाएवढी. अशी काडी सापडली तरी लगेच तोडायची नाही. नुसती पानं कापायची आणि देठ काडीवर ठेवायचे. आठवड्याभरात देठ पिवळे पडतात, बोट लावलं की गळतात, आणि शेंड्याचा डोळा फुगून टपोरा होतो. आता काडी आतून फुटायला निघालेली असते, म्हणून ती सांध्यावर थांबत नाही. घाईत कापलेली सुस्त काडी कलमावर हिरवी दिसते, पंधरा दिवस आशा लावते आणि काळी पडते.

तोवर वाफ्यातली रोपं दहा-बारा दिवसांची झालेली असतात. पानं अजून तांबूस, खोड कोवळं. पानं हिरवी झाली की खोड निबर होतं आणि चीर सरळ जात नाही. रोप बाठ्यासकट अलगद उपटायचं. बाठा तुटला तर ते रोप सोडून द्या, त्याची शिदोरी त्या बाठ्यातच असते. मुळं धुऊन लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायची.

बाठ्यापासून चार बोटं वर शेंडा उडवायचा आणि मधोमध दीड इंच चीर द्यायची. काडी वीतभरापेक्षा थोडी कमी घ्यायची आणि खालचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं, तेवढंच लांब तासायचं. एका दमात ओढलेला काप गुळगुळीत येतो. कापाला बोट लावू नका. काडी चिरेत बसवताना जाडी जुळली नाही, तर मध्यावर ठेवायची नाही, एका बाजूला सरकवायची. निदान तिथे तरी सालीला साल भिडली पाहिजे. मग प्लॅस्टिकची बोटभर रुंद पट्टी खालून वर गुंडाळायची. कौलं शाकारताना वळचणीपासून वर जातो, अगदी तसं, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी आत जात नाही. पहिल्या वर्षी मी उलटी पट्टी बांधली आणि कलमांच्या पिशव्या पागोळ्यांखाली मांडल्या. तीनशेतली चाळीस उरली.

पिशवीत लावताना बाठा मातीत आणि सांधा मातीच्या वर ठेवायचा. काडीवर मी पेप्सीकोल्याची लांबट पिशवी टोपीसारखी घालतो, आत दमटपणा राहतो. पिशव्या सावलीत ठेवायच्या. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला की टोपी काढायची.

आता काकींचं झाड. सांध्याखालून रायवळचा फुटवा येतो, आणि तो हापूसच्या काडीपेक्षा जोरात धावतो. त्या वर्षी भातलावणीच्या गडबडीत मी पिशव्यांकडे पाहिलंच नाही. काडी कधीच मेली होती आणि रायवळचा फुटवा ऐटीत उभा होता. लांबून काय, हिरवं ते हिरवंच! काकींनी सात वर्षं पाणी घातलं, आणि आला बिटक्याएवढा, धाग्याधाग्यांचा आंबा. आता त्या मला हाक मारतात ती 'हापूसवाल्या' म्हणूनच. तेव्हापासून मी दर आठवड्याला पिशव्यांपुढे उकिडवा बसतो, सांधा बोटाने चाचपतो आणि खालचं जे काही असेल ते नखाने खुडतो.

भेट कलम आमच्या आजोबांच्या काळचं. रोपाची कुंडी झाडाला टांगून जित्या फांदीशी सांधा करायचा. जगायची खात्री मोठी, पण एका झाडावर टांगणार किती? पेरू-डाळिंबाला गुटी बरी, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून घ्यायची. कोकमाला हेच पाचर कलम चालतं, फक्त काडी सरळ वर गेलेल्या शेंड्याची घ्या. आडव्या फांदीची काडी घेतली तर झाड जमिनीवर पसरतं, आणि नर झाडाची घेतली तर फळच नाही.

दसऱ्याच्या सुमारास सांधा भरलेला दिसतो. तेव्हा पट्टीला ब्लेडने उभा छेद देऊन ती काढून टाका. राहिली तर खोडात रुतते, आणि दोन वर्षांचं कलम वाऱ्याने बरोबर तिथेच मोडतं.