पन्नाशीच्या दशकातील अमेरिकी कादंबरीतले यश कसे वाचावे

महायुद्धानंतरच्या अमेरिकेने यशस्वी माणूस कोणाला म्हटले, हे कादंबरीतून शोधायचे असेल, तर पात्रांच्या तोंडची वाक्ये बाजूला ठेवून त्यांच्या हातातल्या वस्तू आणि कागद आधी पाहावेत. घर, पगार, पदवी यांची नोंद समासात करीत पहिले वाचन करावे. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरकर्जाची सोय मिळाली आणि १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेविटाऊन ही घरांची नवी वसाहत उभी राहू लागली. त्या वसाहतीच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांना मज्जाव होता, हेही ध्यानात असू द्यावे.

त्यानंतर पात्र स्वतःविषयी काय गाळते ते पाहावे. स्लोन विल्सन यांच्या ‘द मॅन इन द ग्रे फ्लॅनेल सूट’ (१९५५) मधील टॉम रॅथला नोकरीसाठी तासाभरात आत्मचरित्र लिहायला सांगतात; युद्धात आपण मारलेली माणसे आठवत असूनही तो कागदावर मोजकी, बिनधोक माहितीच उतरवतो.

सर्वांत अधिक वेळ मात्र राल्फ एलिसन यांच्या ‘इनव्हिजिबल मॅन’ला (१९५२) द्यावा, कारण यशाच्या आश्वासनाची इतकी बारकाईने झडती घेणारी दुसरी कादंबरी मला माहीत नाही. पहिल्याच प्रकरणात गावातील प्रतिष्ठित गोरे लोक कृष्णवर्णीय मुलांना डोळे बांधून एकमेकांशी झुंजवतात, वीज सोडलेल्या गालिच्यावरची नाणी वेचायला लावतात आणि मग त्या मुलांपैकीच एक असलेल्या, रक्ताने तोंड भरलेल्या निवेदकाचे भाषण ऐकून त्याला वासराच्या कातड्याची बॅग देतात. बॅगेत शिष्यवृत्तीचा कागद असतो. वेचलेली सोन्याची नाणी मात्र मोटारीच्या जाहिरातीचे पितळी तुकडे निघतात. ही बॅग शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहते. ती उघडेल तिथे खूण करावी आणि आत काय पडले, कोणी दिले, त्या कागदाने त्याला कोणती ओळख चिकटवली, हे लिहावे. अखेरीस भूमिगत अंधारात उजेडासाठी तो हेच कागद जाळतो, आणि पहिला कागद शाळेच्या प्रमाणपत्राचा असतो. त्या प्रसंगापाशी थांबून आधीच्या सगळ्या खुणा पुन्हा चाळाव्यात.

शेवटी दोन्ही नायकांना वारशात काय मिळाले, याची तुलना करावी: टॉमकडे आजीची जमीन येते, तर एलिसनच्या निवेदकाला आजोबांच्या मृत्युशय्येवरचा, अर्थ न उलगडणारा सल्ला मिळतो.