घरची म्युझिक सिस्टीम आणि बेस: या चुका टाळा

मागच्या दिवाळीत मावसभावाचा ठाण्याहून फोन आला. "दादा, एवढे पैसे घातले, भिंती हादरतात, पण अर्ध्या तासात डोकं जड होतं. काय चुकलंय तेच कळत नाही."

रविवारी गेलो. दहा बाय बाराचा हॉल. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना छातीएवढे टॉवर स्पीकर, कोपऱ्यात बारा इंची सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर), आणि सोफा मागच्या भिंतीला घट्ट टेकवलेला. मी त्याला तबला सोलो लावायला सांगितलं. तबलजी डग्ग्यावर मनगट दाबून बोल वळवत असणार, पण आमच्या कानावर येत होतं ते फक्त ढूं, ढूं, ढूं. प्रत्येक घाव एकाच सुरात. खालून वर सरकत जाणारा घुमारा, ज्यासाठी डग्गा ऐकायचा, तोच गायब.

बेस, म्हणजे गाण्यातले खालचे जाड सूर, कमी असणं ही तक्रार सगळे करतात. बेस एकसुरी असणं ही त्याहून मोठी तक्रार आहे आणि ती पटकन ओळखू येत नाही, कारण दणका तर बसत असतो. चांगल्या बेसमध्ये सूर ऐकू येतात. बेस गिटार एका सुरावरून दुसऱ्यावर गेली हे कळतं, तानपुऱ्याचा खर्ज आणि डग्गा वेगवेगळे ऐकू येतात. हे मिळत नसेल, तर कुठे कुठे चुकतं ते सांगतो.

दुकानात ऐकलं आणि घेऊन टाकलं

शोरूमची खोली मोठी, खाली कार्पेट, आवाज घरच्यापेक्षा चढा, आणि बऱ्याचदा बेसचा नॉब पुढे फिरवून ठेवलेला. दोन सिस्टीम आलटून पालटून ऐकवल्या तर जिचा आवाज किंचित मोठा, तीच कानाला सरस वाटते. हे प्रत्येकाच्या कानाचं होतं, त्यामुळे दोन्हींचा आवाज सारखा करायला लावा आणि मगच तुलना करा.

गाणी स्वतःची घेऊन जा. दुकानदार जे लावतो ते त्या सिस्टीमवर चांगलंच वाजतं म्हणून लावतो. मी तीन गोष्टी नेतो: एक तबला सोलो, बेस गिटार सतत फिरती असलेलं एक गाणं, आणि पुरुषाच्या आवाजातलं साधं निवेदन. डग्ग्याचा घुमारा वळताना ऐकू आला पाहिजे. बेस गिटारचा एखादाच सूर उसळून बाकीचे दबत असतील तर सावध व्हा. आणि निवेदक हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटत असेल, तर शंभर-दोनशे हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं असलेल्या सुरांच्या) आसपास फुगवटा आहे. तो आज ऐकायला भरदार वाटतो आणि महिन्याभरात नकोसा होतो.

जमलं तर दोन दिवस घरी लावून पाहायला मागा. काही दुकानदार देतात. विचारायला संकोच करू नका.

खोक्यावरचे आकडे

खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद) दिसलं की तो आकडा सोडून द्या. त्याला काही ठरलेलं मोजमाप नाही. आरएमएस वॅट (सतत देता येणारी ताकद) पाहा, आणि त्यातही फार अडकू नका. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. पन्नास आणि साठ वॅटमधला फरक जेमतेम जाणवतो, पण त्यासाठी लोक हजारो रुपये जास्त मोजतात.

त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहा, म्हणजे तेवढ्याच वॅटवर तो किती आवाज काढतो ते. ८४ आणि ९० डेसिबलच्या दोन स्पीकरांना तेवढाच आवाज काढायला लागणाऱ्या वॅटमध्ये चौपटीचा फरक आहे. आणि "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" असं नुसतंच लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. पुढे "अधिक-उणे ३ डेसिबल" अशी मर्यादा, म्हणजे त्या पट्ट्यात आवाज किती वरखाली होतो ते, दिलेली हवी.

खाली किती जायला हवं? बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, पियानोचा सगळ्यात खालचा सूर २७.५ हर्ट्झचा. भावगीतं, नाट्यसंगीत, ख्याल ऐकणाऱ्याला साडेसहा इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या गोलाचे) नीट बसवलेले छोटे बुकशेल्फ स्पीकर पुरतात, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला चित्रपट आणि इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायचं आहे त्याने सबवूफरचा विचार करावा. पुष्कळ जणांच्या मनात बेस म्हणजे मिरवणुकीतली डॉल्बी असते, छातीवर आदळणारी. ती उघड्या रस्त्यासाठी रचलेली स्पीकरांची भिंत आहे. त्या मापाने दहा बाय बाराच्या हॉलसाठी खरेदी केली की माझ्या भावासारखं होतं.

खोलीचा विचारच न करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घेतो.

हॉलची बारा फूट लांबी म्हणजे सुमारे ३.६६ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. या लांबीच्या बरोबर दुप्पट लांबीची लाट ४७ हर्ट्झची असते, आणि ती समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमत राहते. दहा फुटांच्या रुंदीत हेच ५६ हर्ट्झला होतं, साडेनऊ फुटी छतामुळे ५९ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे तीन घुमणाऱ्या जागा अगदी शेजारी शेजारी. या पट्ट्यातला कुठलाही सूर आला की खोली त्याच्यावर झडप घालते, मग स्पीकर पाच हजारांचा असो की पाच लाखांचा. लांबी-रुंदी सारखी असलेल्या चौरस खोलीत तर दोन्ही घुमारे एकाच सुरावर येऊन बसतात.

त्यात आपली घरं सिमेंट-विटांची, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. परदेशातले सल्ले पुष्कळदा लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या भिंती गृहीत धरून दिलेले असतात. तशा भिंती बराच बेस शोषतात किंवा बाहेर जाऊ देतात. आपल्या भिंती तो तसाच परत फेकतात. त्यामुळे तिथे सुचवलेला मोठा सबवूफर इथे आणण्याआधी एक आकार लहान ऐकून पाहा.

याच लाटांमुळे भिंतीला टेकून बसलं की बेस फुगलेला आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं की पोकळ ऐकू येतो. खात्री करायची असेल तर एखादं बेस गिटारचं गाणं लावा आणि सावकाश मागच्या भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत चालत या. फरक इतका मोठा असतो की लोक दचकतात.

ठाण्यात आम्ही काय केलं ते सांगतो. सबवूफर कोपऱ्यातून उचलला आणि थेट सोफ्यावर ठेवला, जिथे भाऊ बसतो तिथे. बेस गिटारची चढउतार असलेलं गाणं पुन्हा पुन्हा लावलं. मग भाऊ गुडघ्यांवर, कान जमिनीजवळ, भिंतीच्या कडेकडेने सरकत गेला. जिथे सगळे सूर सारख्या वजनाने ऐकू आले तिथे मी खडूने खूण केली. स्पीकर आणि कान यांच्या जागांची अदलाबदल केली तरी खोली बेसला तशीच वागवते, म्हणून ही युक्ती चालते. कोपऱ्यात सगळं ढणढणत होतं, दाराजवळ काहीच नव्हतं. आणि टीव्हीच्या भिंतीवर कोपऱ्यापासून साधारण साडेतीन फुटांवर एक जागा सापडली, जिथे प्रत्येक सूर मोजून घ्यावा इतका वेगळा होता. सबवूफर तिथे ठेवला, सोफा दोन फूट पुढे ओढला आणि तोच तबला परत लावला. आता डग्गा वळला. स्वयंपाकघरातून त्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, "अहो दादा, हे यात आधीपासून होतं?" एक रुपयाही खर्च झाला नव्हता.

भिंतींना पातळ फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्याने फक्त वरचे सूर मरतात, बेसला काहीच होत नाही. सात मीटर लांबीची लाट दोन इंची फोमला जुमानत नाही. आतल्या खोलीचं दार उघडं ठेवल्याने मात्र कधी कधी चांगलाच फरक पडतो.

छोटे स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबणं ही याच चुकीची धाकटी बहीण. पाठीमागे पोर्टचं, म्हणजे हवा ये-जा करण्याचं, भोक असेल तर मागे वीतभर मोकळी जागा हवीच. तेवढी नसेल तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घाला. बेस थोडा कमी होईल, पण घोगरेपणा जाईल.

बेस पातळ आहे? आधी वायर पाहा

नवी सिस्टीम लावल्यावर आवाज स्वच्छ आहे पण अंगच नाही, गायक समोर मध्यभागी न वाटता दोन्हीकडे विरघळल्यासारखा वाटतो, असं असेल तर बहुतेक वेळा कारण एकच: एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. एका स्पीकरचा कोन (पुढेमागे हलणारा पडदा) पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि बेस हवेतच एकमेकांना मारून टाकतो. वायरीच्या एका शिरेवर रेघ असते किंवा तिचा रंग वेगळा असतो. ती दोन्ही टोकांना एकाच रंगाच्या टर्मिनलला गेली आहे ना, ते टॉर्च घेऊन पाहा.

जुन्या स्पीकरवर खुणा पुसल्या असतील तर वायर अ‍ॅम्प्लिफायरमधून काढा आणि दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवा. सेलचा धन टोक ज्या वायरीला लावल्यावर वूफरचा कोन बाहेर येतो ती लाल. हे फक्त साध्या स्पीकरवर करायचं. ज्यात अ‍ॅम्प्लिफायर आत बसवलेला असतो त्यावर करू नका.

सबवूफरचे नॉब

रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर जोडायच्या मुख्य डब्यात) क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झला ठेवून सुरुवात करा. त्याच्या बराच वर नेला तर बेस कुठून येतोय ते कळायला लागतं आणि लक्ष तिकडे ओढलं जातं. रिसीव्हरचा क्रॉसओव्हर वापरत असाल तर सबवूफरवरचा क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण वर फिरवा किंवा त्याची गाळणी टाळणारं एलएफई इनपुट वापरा. दोन्हीकडे गाळणी लागली की मधला पट्टाच नाहीसा होतो. मेनूमध्ये स्पीकर "स्मॉल" करायला लोक तयार होत नाहीत, नाव ऐकून कमीपणा वाटतो. त्याचा अर्थ इतकाच की खालचे सूर सबवूफरकडे पाठवले जातात.

फेजचं बटण (सबवूफरचा कोन बाकी स्पीकरांबरोबर हलतो की उलट, ते ठरवणारं) ० आणि १८० अशा दोन्हीकडे करून सोफ्यावर बसून ऐका. ज्या बाजूला आवाज भरतो ती बरोबर. लेव्हल इतकीच ठेवा की सबवूफर चालू असताना तो आहे हे जाणवू नये आणि बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं. ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हर स्वतःच खोली मोजून जुळवणी करतो ते) करताना मायक्रोफोन सोफ्याच्या गादीवर टाकू नका. तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर धरा आणि तेवढा वेळ पंखा बंद ठेवा.

तीन ठिकाणी बेस वाढवणं

फोनच्या इक्वलायझरमध्ये बूस्ट, अ‍ॅम्प्लिफायरचा बेस पुढे, सबवूफरची लेव्हल वर. हे सर्रास दिसतं. ६ डेसिबल बेस वाढवला म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे त्या सुरांसाठी चौपट ताकद मागितली. ती नसली की आवाज फाटतो. फोन सपाट ठेवा, एकाच जागी हात लावा.

रात्री हळू आवाजात बेस पातळ वाटतो, हा मात्र सिस्टीमचा दोष नाही. कानच हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचं "लाउडनेस" बटण त्यासाठीच आहे. रात्री दाबा, आवाज वाढवताना काढा.

गुणगुण

गाणं बंद असतानाही सबवूफर हूं करत असेल तर ती विजेची ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण. केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. गुणगुण थांबली तर दोष तिथून येणाऱ्या अर्थिंगचा आहे. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्यानेही पुष्कळदा थांबते. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका, शॉक लागून जीव जाऊ शकतो.

जुने स्पीकर घेताना

जुन्या मोठ्या स्पीकरचा मोह मलाही होतो आणि त्यात चुकीचं काही नाही. पण जाळी काढल्याशिवाय पैसे देऊ नका. वूफरच्या कडेला फोमची रिंग असेल तर बोटाने हलकेच दाबा. आपल्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, ती काही वर्षांत चिकट होऊन भुगा होते, आणि तशा स्पीकरचा बेस फडफडतो. मग दोन्ही हातांची बोटं कोनावर समान ठेवून तो सावकाश आत ढकला. आतून खरखर ऐकू आली तर व्हॉइस कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) घासते आहे. रबराची रिंग असेल तर बरीच टिकते. नुसती रिंग गेली असेल तर घाबरू नका, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत विचारलं तर रिंग बदलून किंवा रिकोनिंग (कोन नवा बसवणं) करून देणारे कारागीर सापडतात. तो खर्च धरून भाव करा.

खालच्या मजल्यावर जाऊन ऐका

सगळं जमल्यावर गाणं चालू ठेवून स्वतः खालच्या घरी जा. बेस स्लॅबमधून उतरतो, आणि वर मधुर वाटणारा सूर खाली नुसता ठोका होऊन पोहोचतो. आम्ही गेलो तेव्हा खालच्या काकांनी दार उघडलं, आम्हाला आत बसवलं आणि छताकडे बोट दाखवलं. पंख्याच्या वाटीची बारीक थरथर ऐकू येत होती. भावाने वर जाऊन सबवूफरखाली जाड रबराचे तुकडे ठेवले, मग लेव्हल दोन खुणा कमी केली, आणि मला फोनवर विचारलं, "आता?" रबराने थोडं कमी झालं होतं, लेव्हल उतरवल्यावर वाटी गप्प झाली. वर जाऊन तबला पुन्हा ऐकला. डग्गा तसाच वळत होता.