एसटीपीचा बायोफिल्टर असून वास येतोय? या चुका टाळा

एसटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, टाक्यांतली वासाची हवा ब्लोअरनं ओढून बायोफिल्टरमधून, म्हणजे लाकडाच्या तुकड्यांसारख्या मालाच्या बेडमधून सोडतात; त्यातले जिवाणू वास खातात. मार्चमध्ये सांगलीजवळच्या एका एसटीपीवर गेलो, तर गेटापाशीच सडक्या अंड्यांचा वास. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, रोज दोनदा पाणी मारतोय, बेड ओलाच आहे." वरून खरंच ओला होता. फावड्यानं तीन फूट उकरलं, तर खालचे लाकडाचे तुकडे ठणठणीत कोरडे.

हवा खालून येते, हे सगळे विसरतात. आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा आधीच कोरडी, त्यात ब्लोअरमधून जाताना तापते आणि सगळ्यात आधी खालचा थर सुकवते. तिथं भेगा पडतात आणि वासाची हवा त्याच वाटेनं न गाळता निसटते. वरून कितीही पाणी मारा, ते भेगांतूनच खाली जातं. म्हणून आधी हवा ओली करा. ह्युमिडिफायरचे नोझल गाळानं चोंदलेत का, हे रोज बघा. मीडियात (बेडमधल्या मालात) ओल साधारण ४० ते ६० टक्के लागते. खालचा मूठभर माल आवळा: हाताला ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. पावसाळ्यात मात्र उलटं होतं, तेव्हा खालचा निचरा तपासा.

क्लोरिन टाकलेलं पाणी बेडवर मारणारेही पाहिलेत. अहो, क्लोरिन घालतो तेच जिवाणू मारायला! क्लोरिन टँकच्या आधीचं प्रक्रिया केलेलं पाणी गाळून वापरा.

साखर कारखान्यांच्या मुलखात बगॅस (उसाचं चिपाड) सहज मिळतं, म्हणून नुसतं तेच भरू नका. ते लवकर कुजून दबतं आणि ब्लोअरवर ताण येतो.

अंड्यांचा वास गेला, पण कुजलेल्या कोबीसारखा राहिला? मग निचऱ्याच्या पाण्याचा पीएच बघा. अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड खाणारे जिवाणू सल्फ्युरिक ॲसिड तयार करतात. त्यांना ते सोसतं, कोबीसारख्या वासाचं मर्कॅप्टन खाणाऱ्या बाकीच्यांना सोसत नाही. भरपूर पाण्यानं बेड धुऊन काढा.

वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवू नका. हवेविना बेड आतून सडतो आणि सकाळी स्वतःच वास मारतो.

एवढं करूनही वास असेल, तर संपाच्या (सांडपाणी साठवायच्या टाकीच्या) झाकणांकडे वळा. फटीपाशी पातळ प्लास्टिकची पट्टी धरा, ती आत ओढली गेली पाहिजे. उदबत्तीचा धूर बघायला जाऊ नका, आत मिथेन असू शकतो. पट्टी बाहेर फडफडली, तर बेड उकरत बसू नका, आधी झाकणाचं रबर बदला.