आपत्तींचं वर्गीकरण करताना या चुका टाळा

आपत्तीवरच्या प्रबंधात सुरुवातीला हमखास एक तक्ता असतो: डावीकडे नैसर्गिक, उजवीकडे मानवनिर्मित. पुढच्या प्रकरणांत त्याचं नावही निघत नाही. तुमचंही तसंच झालं असेल तर बिघाड बहुधा निकषात आहे.

पानशेत कुठे टाकणार? 12 जुलै 1961 ला धरण फुटलं. पाऊस निसर्गाचा, पण काम पुरतं झालं नसताना धरणात पाणी साठू दिलं ते माणसांनी. कोयनेचा 1967 चा भूकंपही जलाशयामुळे झाला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अशी प्रकरणं ‘इतर’मध्ये ढकलू नका. तो रकाना फुगला की निकष बदला.

दुसरी चूक, तयार यादी उचलण्याची. ईएम-डॅट या जगभरच्या आपत्तींच्या नोंदसंग्रहात नोंदीसाठी 10 मृत्यू किंवा 100 बाधित असे उंबरठे आहेत. नोंद ठेवायला ते ठीक. नवव्या आणि दहाव्या मृत्यूमध्ये समाजाच्या वागण्यात काय बदलतं, हे ते कसं सांगणार?

मग चांगलं वर्गीकरण कसं असतं? 1963 साली अमेरिकेतल्या ओहायोत सुरू झालेल्या डिझास्टर रिसर्च सेंटर या आपत्ती-अभ्यास केंद्राने आपत्तीत धावून येणाऱ्या गटांबद्दल दोनच प्रश्न विचारले: काम नेहमीचं की नवं? रचना जुनी की नवी? त्यातून चार प्रकार निघाले. 26 जुलै 2005 च्या मुंबईला ते लावून पाहा. अग्निशमन दलाचं काम नेहमीचं, रचनाही जुनी. एखादी संस्था मदतकार्यासाठीच असते, पण ऐनवेळी आलेल्या स्वयंसेवकांनी तिची रचना बदलते. गणेश मंडळाने अडकलेल्यांना जेवण दिलं, तर रचना जुनी, काम नवं. आणि कंबरभर पाण्यात दोर धरून उभे राहिलेले अनोळखी लोक? दोन्ही नवं. आता विधान करता येतं: स्वयंसेवकांनी फुगलेल्या संस्थेत हुकूम कुणाचा यावरून ताण येईल, अग्निशमन दलात तो कमी असेल. हे खोटंही ठरू शकतं, आणि सिद्धांताला तेच हवं असतं. नुसत्या कप्प्यांना कुणी खोटं पाडू शकत नाही.

इथेही एक घोळ होतो. गटावर एकदाच शिक्का मारला जातो. दोर धरणारे तिसऱ्या दिवशी वह्यांत नोंदी ठेवून धान्य वाटत असतील, तर कप्पा बदलला. म्हणून नोंदीत गटाच्या नावाशेजारी तारीख आणि वेळ लिहा, आणि मुलाखतीत ‘तुम्ही काय केलंत’ याआधी ‘केव्हा’ विचारा.