वडील परदेशात, मुलीची शेंगेन व्हिसाची फाइल परत: शेवटी काय चाललं

नेदरलँड्समधल्या हेग शहरात जानेवारीत भरणाऱ्या थिमुन परिषदेला (१९६८ पासून चालू असलेली विद्यार्थ्यांची अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा) आमच्या शाळेची नऊ मुलं निघाली होती. शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या अनेक देशांना चालणारा एकच व्हिसा) आठ फाइली घेतल्या गेल्या. नववी 'पालकांची संमती अपूर्ण' म्हणून दोनदा परत. मुलगी अठराच्या आतली, वडील मस्कतला नोकरीला.

आधी वडिलांची व्हॉट्सॲपवर आलेली सही छापून जोडली. मग आईचं एकटीचं प्रतिज्ञापत्र. दोन्ही नाकारलं. त्या आठवड्यात मुलीचा चेहरा बघवत नव्हता.

चाललं ते असं. आधी आम्ही व्हिसाचा अर्ज आणि इंग्रजी संमतीपत्र तयार केलं. पत्रात मुलीचा पासपोर्ट क्रमांक, जाण्यायेण्याच्या तारखा, सोबतच्या बाईंचं नाव आणि त्यांचा पासपोर्ट क्रमांक. दोन्ही पीडीएफ वडिलांना पाठवल्या. त्यांनी अर्जावर पासपोर्टवरच्यासारखीच सही केली. संमतीपत्र मात्र कोरं ठेवलं, कारण भारतीय दूतावासाच्या साक्षांकनासाठी सही तिथे समोरच करायची असते. शिक्का घेतला. मग दोन्ही मूळ कागद, पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानांची आणि ओमानच्या रहिवासी कार्डाची प्रत कुरिअरने आली. त्यानंतरच आईने त्याच कागदांवर सही केली. वेगळ्या प्रतीवर नाही.

तिसऱ्या खेपेला फाइल घेतली. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, म्हणून कुरिअरचे दिवस आधीच धरा.