जाड कादंबरीतली माणसं लक्षात राहायला

जाड कादंबरी चार दिवस बाजूला पडली की कोण कोणाचं कोण हेच आठवत नाही आणि चांगलं पुस्तक अर्धवट राहून जातं. यावर सोपा उपाय आहे. खूण म्हणून जाडसर कोरा कागद ठेवा. नवं पात्र आलं की त्यावर नाव, नातं आणि पान क्रमांक लिहा. उदा. ‘यमुना, धाकटी जाऊ, पान ४१’. बस्स. स्वभाव-बिभाव लिहीत बसू नका, वाचनाची लय तुटते.

पुस्तक मिटताना कागदाच्या मागच्या बाजूला आत्ता काय घडलं ते एका ओळीत टिपा. पुन्हा वाचायला घेताना हीच ओळ सगळ्यात जास्त कामी येते.

लिहायला पेन्सिलच घ्या. दमट हवेत शाई पानावर उतरते.