क्रांतीची कारणं शिकवायची, तर वर्गात भांडण लावा

फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं पोरांना पाठच असतात. सामाजिक, आर्थिक, राजकीय, वैचारिक. गाईडात चार मथळे, म्हणून आपणही चार गट पाडतो, आणि प्रत्येक गटातलं एक हुशार पोरगं उभं राहून गाईड वाचून दाखवतं. बाकीचे घंटेकडे कान लावून. ही गटचर्चा नव्हे.

मी केज तालुक्यात अकरावी-बारावीला इतिहास शिकवतो. वर्गातल्या बऱ्याच जणांचे आईबाप दसऱ्यानंतर कारखान्यावर ऊसतोडीला जातात. महागाई, उचल, व्याज यावर ही पोरं माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. फक्त प्रश्न असा टाकायचा की गाईडात उत्तर सापडू नये. माझा प्रश्न ठरलेला आहे: सरदार तेच होते, कर तेच होते, विषमता शेकडो वर्षांची होती, मग १७८९ लाच का फुटलं? फळ्यावर एवढंच लिहा.

आदल्या दिवशी प्रत्येकाला आपल्या गावाच्या तक्रारी लिहून आणायला सांगा. कारण फ्रान्समध्येही तेच झालं होतं. राजाने १६१४ नंतर पहिल्यांदाच इस्टेट्स जनरल ही सभा बोलावली आणि १७८९ च्या वसंतात गावोगावी गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहिल्या गेल्या. मिठावरचा कर आणि सरदाराची कबुतरं हे त्यातले ठरलेले विषय. कबुतरं शेतातले दाणे खायची आणि शेतकऱ्याला ती मारायची सोय नव्हती. हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "आमच्याकडं रानडुकरं हायेत की सर, तसंच."

आमच्या वह्यांत पीकविमा, टँकर, न येणारी एसटी असं सगळं येतं. सगळं वाचून झालं की विचारा, यात कुणी सरकार उलथवून टाका असं लिहिलंय का? कुणीच नाही. त्या फ्रेंच वह्यांमध्येही राजाला काढा अशी मागणी नव्हती. राजा आपलं ऐकेल असाच लोकांचा भरवसा होता. मग एखादी पोरगी विचारतेच, "मंग झालं कसं?" इथून पुढे तुम्ही कमी बोला.

आता गट पाडा, पण कारणांचे नको, माणसांचे पाडा: पॅरिसचा मजूर, खेड्यातला पाद्री, वकील, सरदार, राजाचा अर्थमंत्री. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी द्यायची आणि चिठ्ठीवर फक्त माहिती, निष्कर्ष नाही. अर्थमंत्र्याच्या चिठ्ठीवर: अमेरिकेच्या युद्धात उतरून कर्ज वाढलं, १७८८ मध्ये सरकारी खर्चाचा निम्मा भाग कर्जापायी जातोय, आणि १७८७ मध्ये बड्या लोकांची सभा बोलावून नवा कर मांडला तर त्यांनी मान्यता दिली नाही.

मजुराच्या चिठ्ठीवर जास्त वेळ द्या. चार पौंडी पाव, म्हणजे जवळपास दोन किलोचा. १७८८ च्या उन्हाळ्यात ८-९ सूला (सू हे तिथलं छोटं नाणं) मिळणारा हा पाव फेब्रुवारी १७८९ मध्ये साडेचौदा सूवर गेला. मजुराची दिवसाची कमाई २० ते ३० सू. घरात चार माणसं, रोज दोन पाव लागतात असं धरा. पोरं वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करतात आणि २९ आकडा आला की गप्प होतात. मग भाडं, सरपण, कपडे? याच चिठ्ठीवर १३ जुलै १७८८ ची गारपीटही लिहा. मराठवाड्यात २०१४ च्या गारपिटीची आठवण घराघरात आहे. उभं पीक तासाभरात जातं म्हणजे काय, हे इथे समजावून सांगावं लागत नाही.

"पाव नाही तर केक खा" हे कुणीतरी म्हणणारच. राणी तसं म्हणाल्याचा पुरावा नाही, एवढं सांगून पुढे चला.

मग मतदान. पाद्री आणि सरदार साधारण तीनशे-तीनशे, तिसऱ्या इस्टेटचे, म्हणजे उरलेल्या सगळ्या जनतेचे, सहाशे. अठ्ठेचाळीस पोरं असतील तर १२, १२, २४ अशी नव्याने बसवा. ठराव: सरदारांनीही कर भरावा का? आधी डोकी मोजा, मग गटाला एक मत द्या. पहिल्यात चार-दोन गरीब पाद्री फुटले तरी ठराव पास होतो. दुसऱ्यात बहुतेक वेळा दोन विरुद्ध एक असा आपटतो. चोवीस जण जो गलका करतात तो करू द्या, शेजारच्या वर्गाला आधीच सांगून ठेवा. गलका उतरला की सांगा, नेमक्या याच वादातून १७ जूनला तिसऱ्या इस्टेटने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं आणि २० जूनला टेनिस कोर्टवर शपथ घेतली.

शेवटी खोडाखोडी. माणसांच्या त्या पहिल्या गटांनी आपापली कारणं फळ्यावर लिहायची, मग प्रत्येक गटाने दुसऱ्या गटाचं एक कारण फळ्यावरून खोडायचं आणि खोडल्याचं समर्थन करायचं. "हे महत्त्वाचं होतं" या वाक्याला बंदी. "हे नसतं तर अमुक घडलं नसतं" असंच बोलायचं. गारपीट खोडायला निघालेल्यांना मजूर सोडत नाहीत. कर्ज खोडलं तर वकील विचारतो, मग राजाने सभा बोलावलीच कशाला?

दोन तास जोडून मिळाले तर बरं. लिहिण्याचं काम दरवेळी मुलींच्या गळ्यात पडू देऊ नका. जी बोलत नाही तिच्याच हातात आकड्यांची चिठ्ठी ठेवा, म्हणजे गटाला तिच्याशिवाय तोंड उघडता येत नाही. परीक्षेसाठीचे चार मथळे सगळ्यात शेवटी. ते पोरं आपले आपण लावतात.

हाच प्रश्न १७ सप्टेंबरच्या सुमारास निजामाविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाला लावा. जहागिरदारी आणि वेठबिगार जुनीच होती, स्टेट काँग्रेसवर बंदी १९३८ ची. मग लढा १९४७-४८ मध्ये का पेटला? घरी आजी-आजोबांना विचारून या म्हणा. पण आलेल्या आठवणी आधी स्वतः वाचा आणि मगच वर्गात काढा, कारण रझाकार आणि पोलीस ॲक्शन या दोन्हींच्या आठवणी त्याच बाकांवर शेजारी शेजारी बसलेल्या असतात.